ऑफेन्सिव्ह लाइनमन निवडताना शरीराची मापं किती धरायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल जवळ आला की एनएफएलच्या ड्राफ्टबद्दल मित्रांकडून मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो: ‘त्या पोराचे हात आखूड आहेत म्हणे, मग टॅकल म्हणून घ्यायचा की नाही?’ इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल म्हणजे त्याची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे लीगच्या संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड. दर वर्षी तीच उत्तरं नव्याने लिहिण्यापेक्षा ती एका जागी मांडून ठेवतो आहे.

ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे नेमके कोण?

चेंडू ज्या संघाकडे असतो त्याचे ११ खेळाडू मैदानात असतात. त्यातले ५ जण चेंडूच्या रेषेवर ओळीने उभे राहतात. मधला सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो (हाच ‘स्नॅप’; त्याने सुरू होणाऱ्या प्रत्येक खेळीलाही स्नॅपच म्हणतात), त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल. चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट मोकळी करून देणं आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तो फेकेपर्यंत त्याला सांभाळणं (पास ब्लॉक), ही त्यांची दोन कामं. टोकाला उभ्या असलेल्या टॅकलसमोर विरुद्ध संघातले सर्वांत वेगवान आणि लांब हातांचे हल्लेखोर येतात, म्हणून मापांवरचा बहुतेक वाद टॅकलबद्दलच असतो.

मापं कुठे घेतात, आणि कोणकोणती?

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसमध्ये ‘स्काउटिंग कम्बाइन’ भरतं. त्याची सुरुवात १९८२ साली टॅम्पात झाली आणि १९८७ पासून ते इंडियानापोलिसला स्थिरावलं. सव्वातीनशेच्या आसपास खेळाडूंना बोलावतात. मूळ हेतू वैद्यकीय तपासणीचा होता. प्रत्येक संघाने प्रत्येक पोराला वेगळं बोलावून गुडघे तपासण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच ठिकाणी तपासावं, इतकी साधी सोय. टीव्हीवर दिसणारी धावाधाव पुढे मोठी झाली.

उंची, वजन, हाताची लांबी, पंजा आणि दोन्ही हात पसरल्यावरची रुंदी अशी मापं घेतात. हाताची लांबी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. पंजाचं माप म्हणजे थेट आपली वीत, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. हात पसरून घेतलेलं माप म्हणजे आपल्याकडचं ‘वाव’. समुद्राची खोली वावात सांगणाऱ्या कोकणातल्या माणसाला हा तक्ता समजावून सांगावा लागणार नाही.

सगळं माप इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेतात. स्काउटच्या वहीत ‘६०४३’ असं दिसलं तर ते ६ फूट, ४ इंच आणि वर ३/८ इंच असं वाचायचं. ही पद्धत एकदा लक्षात आली की ड्राफ्टचे तक्ते सरसर वाचता येतात.

हाताच्या लांबीला एवढं महत्त्व का?

कारण पास ब्लॉक करताना पहिला स्पर्श कोणाचा, यावर बरंच काही ठरतं. टॅकल मागे सरकतो आहे आणि समोरचा पूर्ण वेगाने येतो आहे. ज्याचा पंजा आधी दुसऱ्याच्या छातीवर बसेल, तो दुसऱ्याचा वेग मोडतो, त्याला दूर धरतो आणि हवं तिकडे वळवतो. दोघांनी हात सरळ केले तर लांब हाताचा पंजा आधी पोहोचणार, हे उघड आहे. शिवाय एखादा टॅकल पाऊलभर चुकला तरी लांब हात ती चूक भरून काढतो. निसटून पुढे गेलेल्या माणसाला तो कडेने ढकलून क्वार्टरबॅकच्या मागून फिरवू शकतो.

यामागे एक जुना नियमबदलही आहे. १९७८ पर्यंत पास ब्लॉक करणाऱ्याला हात पुढे पसरून, पंजे उघडे ठेवून अडवता येत नसे. हात छातीजवळ ठेवून, कोपरं आणि खांदे वापरून काम चालायचं. त्या वर्षी एनएफएलने पसरलेल्या हातांना आणि उघड्या पंज्यांना परवानगी दिली, आणि हाताची लांबी हे लाइनमनचं हत्यार बनलं. आखूड हातांबद्दलची चर्चा खेळाच्या सुरुवातीपासून चालत आलेली आहे असं अनेकांना वाटतं. तिचं मूळ या बदलात आहे.

हल्लेखोरांनीही यावर उपाय शोधला. दोन्ही हात पुढे केले की खांदे समोर राहतात. एकच हात पुढे केला तर खांदाही वळतो आणि पोहोच काही इंचांनी वाढते. म्हणून पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा हल्लेखोर, एका हाताने टॅकलच्या छातीत खुंटी ठोकल्यासारखा हात रोवतो आणि त्याला मागे रेटत नेतो. हाच डाव टॅकललाही खेळता येतो. दोन्ही हात एकदम न टाकता आधी एक, मग दुसरा, असे स्वतंत्र हात वापरणारा टॅकल आपल्या आखूड हाताची बरीच भरपाई करतो. ही गोष्ट फीतपट्टी लावून कळत नाही. तिच्यासाठी सामने बघावे लागतात.

टॅकलसाठी ३३ किंवा ३४ इंच ही मर्यादा कोणी ठरवली?

नियम म्हणून कोणीच नाही. काही संघ ३४ इंच धरतात, बरेच ३३ वर थांबतात. ३३ इंच म्हणजे जवळजवळ ८४ सेंटिमीटर. आकड्यामागचा युक्तिवाद असा: लीगमध्ये टिकलेले टॅकल बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात ३३ च्या वर आहेत, म्हणजे त्याखालचा टिकत नाही.

मला हा युक्तिवाद पोकळ वाटतो. आखूड हाताच्या मुलाला ड्राफ्टच्या दिवशीच गार्ड म्हणून घेतात, पहिल्या सरावापासून आत उभं करतात, आणि पाच वर्षांनी म्हणतात की बघा, आखूड हातांचे टॅकल कुठे दिसतात! ज्यांना संधीच दिली नाही त्यांचं अपयश मोजता येत नाही. या आकड्यांत निवड करणाऱ्यांची सवयही मिसळलेली आहे.

दुसरी अडचण अशी की कम्बाइनला येणारी पोरं आधीच चाळणीतून आलेली असतात. शाळेत, मग कॉलेजात, मग मोठ्या कॉलेजात. तिथपर्यंत पोहोचलेले सगळेच प्रचंड असतात. मोठ्यांतल्या मोठ्यांमध्ये पाऊण इंचाचा फरक उरला, तर त्यावरून कोणाचं करिअर घडेल आणि कोणाचं नाही, हे फारसं सांगता येत नाही. ३० इंची हाताचा मुलगा एनएफएलमध्ये टॅकल खेळू शकेल असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप ३२.५ आणि ३३.५ यांच्यामध्ये भिंत बांधण्याला आहे.

जो थॉमसचे हात खरंच आखूड होते का?

होय. कम्बाइनला ३२.५ इंच भरले. तरीही २००७ साली क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टच्या दिवशी न्यू यॉर्कला न जाता तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरावर मासे धरायला गेला होता.

पुढे जे घडलं ते मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. पहिल्या सामन्यापासून सलग १०,३६३ स्नॅप तो मैदानाबाहेर गेला नाही. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी टायटन्सविरुद्ध दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच ही मालिका तुटली. १० वेळा प्रो बोल (मोसमातल्या उत्तम खेळाडूंची निवड), आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम (खेळातल्या दिग्गजांचा सन्मान). या सगळ्या वर्षांत त्याच्या संघाने एकामागून एक क्वार्टरबॅक बदलले, सामने हरले, प्रशिक्षक बदलले. डावा टॅकल मात्र तोच राहिला.

त्याला हे जमलं कशामुळे? पायांमुळे. तो समोरच्याच्या वाटेत आधीच जाऊन उभा असायचा, त्यामुळे हात ताणायची वेळच कमी यायची. शिवाय दर खेपेला मागे सरकण्याची पद्धत बदलायचा, कधी लगेच अंगावर जायचा, कधी थांबायचा. समोरच्याला आपली खेळी केव्हा टाकायची तेच कळत नसे. कॉलेजात तो गोळाफेक आणि थाळीफेकही करायचा, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याची ती कला त्याच्या ब्लॉकिंगमध्ये दिसते.

थॉमसचं उदाहरण देऊन ‘हाताची लांबी निरर्थक आहे’ असं म्हणणारेही घाई करतात. दर आखूड हातामागे असे पाय नसतात.

मग आखूड हातांच्या टॅकलला गार्ड का करतात? त्याने नुकसान होतं का?

आत जागा कमी असते. समोरचा हातभर अंतरावरच उभा असतो, त्यामुळे पोहोचेपेक्षा कंबर खाली ठेवून रेटा सहन करणं महत्त्वाचं ठरतं. झॅक मार्टिन नोटर डेमकडून टॅकल खेळायचा, हात ३३ इंचांच्या आत. डॅलस काउबॉइजने २०१४ मध्ये त्याला १६ वा घेतला, गार्ड केला, आणि तो ७ वेळा ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या) पहिल्या संघात आला. इथे मापाने योग्य दिशा दाखवली असं मी मोकळेपणाने म्हणेन.

पीटर स्कोरोन्स्कीचे हात सव्वाबत्तीस इंच. २०२३ मध्ये टेनेसी टायटन्सने ११ वा घेतला आणि गार्डच केला. त्याच्याच नॉर्थवेस्टर्न कॉलेजच्या रशॉन स्लेटरचे हात ३३ इंच होते. २०२१ मध्ये चार्जर्सनी त्याला १३ वा घेऊन डावा टॅकलच ठेवला, आणि पहिल्याच वर्षी तो ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात पोहोचला. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेलेल्या पेनेई सूवलचे हात सव्वातेहेतीस. आज उजव्या टॅकलचं नाव काढलं की लोक आधी त्याचं नाव घेतात.

नुकसानीचं बोलायचं तर ते पैशाचंही आहे. टॅकलचा, त्यातही डाव्या टॅकलचा करार गार्डपेक्षा सहसा मोठा असतो. पाव इंचावर एखाद्या मुलाला आत ढकलताना त्याच्या आयुष्याची कमाई आपण हलवतो आहोत, हे निवडणाऱ्यांनी विसरू नये.

एकाच माणसाच्या हाताची दोन मापं कशी येतात?

२०२५ च्या ड्राफ्टमध्ये हेच गाजलं. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा (एलएसयू) विल कॅम्पबेल कम्बाइनला ३२ पूर्णांक ५/८ इंच भरला, आणि काही आठवड्यांनी कॉलेजातच होणाऱ्या चाचणीला, म्हणजे प्रो डेला, ३३. हात वाढला नाही. खांद्याचं हाड बोटांनी चाचपून शोधावं लागतं, खांदा जरा सैल सोडला की पुढे-मागे होतो, फीत कोणी धरली यावरही फरक पडतो. ज्या मापात सहज पाव-अर्धा इंच इकडचा तिकडे होतो, त्याच्यावर काटेकोर सीमा आखणं चूक आहे, एवढं तरी या प्रकरणाने दाखवलं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला चौथा घेतला आणि पहिल्याच मोसमात डावा टॅकल म्हणून उतरवलं.

लाइनमन ४० यार्ड कधी धावतो? मग ती शर्यत कशाला?

जवळजवळ कधीच नाही. ४० यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. जाणकार त्यातल्या पहिल्या १० यार्डांची वेळ बघतात, कारण लाइनमनचं काम त्या पल्ल्यातच होतं. उभी आणि लांब उडीही कामाची, कारण ३०० पौंडांचं शरीर जागच्या जागी किती जोरात उसळतं ते कळतं.

चांगले आकडे अनोळखी खेळाडूकडे लक्ष वेधतात, हा त्यांचा खरा उपयोग आहे. टेरॉन आर्मस्टेड आर्कान्सॉ-पाइन ब्लफ या लहान कॉलेजचा. २०१३ मध्ये त्याने ४० यार्ड ४.७१ सेकंदांत काढले. सेंट्सने तिसऱ्या फेरीत घेतला आणि तो वर्षानुवर्षं उत्तम डावा टॅकल राहिला. त्या शर्यतीने स्काउटना त्याचे सामने पुन्हा बघायला लावले.

उलट बाजूला ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर. २०१८ च्या कम्बाइनला ४० यार्डांना ५.८५ सेकंद, बेंच प्रेस १४ वेळा, उभी उडी १९.५ इंच. हसं झालं, आणि पहिल्या फेरीत जाईल असं वाटणारा मुलगा ८३ व्या क्रमांकापर्यंत घसरला. पण ६ फूट ८ इंचांचा तो देह आणि ३५ इंची हात यांना वळसा घालायलाच समोरच्याला इतका वेळ लागायचा की क्वार्टरबॅकचं काम होऊन जायचं. तो ४ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. २०२२ च्या मोसमात फिलाडेल्फिया ईगल्सने ७० सॅक केले होते (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे सॅक), आणि त्यानंतरच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध त्यांना एकही मिळाला नाही. त्या दिवशी कॅन्सस सिटीचा डावा टॅकल हाच ब्राउन होता.

बेंच प्रेस किती महत्त्वाचा?

कमी. २२५ पौंड, म्हणजे सुमारे १०२ किलो, किती वेळा उचलता ते मोजतात. लांब हातांच्या माणसाला सळई जास्त अंतर न्यावी लागते, म्हणजे टॅकलला जे वरदान तेच इथे ओझं. आणि लाइनमनची ताकद मांड्या आणि कंबरेतून येते, पाठ टेकून झोपल्यावर ती दिसत नाही.

वजन कमी असेल तर?

जेसन केल्सी बघा. कॉलेजात आला तेव्हा शिष्यवृत्तीशिवाय, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) म्हणून. मग लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या रांगेमागचा खेळाडू), मग लाइनमन. ड्राफ्टच्या वेळी जेमतेम २८० पौंड, सेंटरसाठीही हलका. २०११ मध्ये ईगल्सने त्याला सहाव्या फेरीत, १९१ वा घेतला. ईगल्सने त्याच्या वेगाभोवती खेळ बांधला. स्नॅप देऊन तो बाहेर धावायचा आणि मोकळ्या मैदानात लाइनबॅकरला गाठायचा. १३ मोसम, ६ वेळा ऑल-प्रोचा पहिला संघ. वजनाकडे बघताना ‘आपला संघ कोणता खेळ खेळतो’ हा प्रश्न आधी विचारायचा. समोरच्याला सरळ मागे लोटण्यावर भर असलेल्या संघात कदाचित केल्सीचं इतकं चीज झालं नसतं.

सगळी मापं उत्तम, तरी फसलेला कोणी?

टोनी मँडरिच. १९८९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला दुसरा निवडला. त्याच्या मागोमाग बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डीऑन सँडर्स गेले, तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. मँडरिचचं शरीर, वेग, ताकद बघून लोक भारावले होते. पॅकर्सकडे तो तीन मोसम खेळला आणि अपेक्षेच्या जवळही पोहोचला नाही. कॉलेजात स्टेरॉइड घेतल्याची कबुली त्याने २००८ मध्ये दिली. पुढे दारू आणि वेदनाशामकांच्या व्यसनातून बाहेर पडून त्याने कोल्ट्सकडून पुन्हा खेळून दाखवलं, याचा मात्र मला आदर वाटतो.

ज्याने हा खेळ खेळलाच नाही, त्याला नुसत्या मापांवर घ्यावं का?

शेवटच्या फेरीत, चांगला शिक्षक हाताशी असेल तर, जरूर. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. ६ फूट ८ इंच, ३४६ पौंड, हात साडेपस्तीस इंच, आणि पाय तरीही हलके. ईगल्सने २०१८ मध्ये त्याला २३३ वा घेतला. पहिल्या दोन मोसमांत तो एकही सामना खेळला नाही. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांनी त्याला अक्षरशः उभं राहण्यापासून शिकवलं. टीव्हीवर खेळाडू आपलं कॉलेज सांगतात तेव्हा तो ‘जेफ स्टाउटलँड विद्यापीठ’ सांगतो! फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुपर बोल जिंकला.

स्टीफन नीलची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल, कारण तो मल्ल होता. १९९९ चा जागतिक विजेता, कॉलेजच्या अंतिम लढतीत ब्रॉक लेस्नरला हरवलेला. कॉलेजात फुटबॉल अजिबात खेळला नाही. ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही. तरी पेट्रियट्सचा गार्ड झाला आणि ३ सुपर बोलच्या अंगठ्या मिळवल्या. तालमीत पट काढणाऱ्याला कंबर खाली कशी ठेवायची आणि समोरच्याचा तोल कुठे आहे ते हातांनी कसं ओळखायचं, हे सांगावं लागत नाही. टॅम्पा बे बकनियर्सचा टॅकल ट्रिस्टन वर्फ्ससुद्धा शाळेत असताना आयोवा राज्याचा हेवीवेट कुस्ती विजेता होता. लाइनमनच्या माहितीत कुस्ती दिसली की मी त्याचे सामने आधी काढतो.

कोणतं माप तुम्ही सर्वांत गंभीरपणे घ्याल?

जे टीव्हीवर दिसत नाही ते: गुडघे, पाठ, हृदय, फुप्फुसं. मात्र तिथेही अंदाज चुकतात. अँथनी मुन्योझच्या गुडघ्यांवर कॉलेजातच शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९८० मध्ये बेंगल्सने धोका पत्करून त्याला तिसरा घेतला आणि तो सलग ११ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. ट्रे स्मिथच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या होत्या, म्हणून २०२१ मध्ये तो सहाव्या फेरीपर्यंत घसरला. कॅन्सस सिटीने घेतला, आणि पहिल्याच वर्षी तो १७ पैकी १७ सामने खेळला.

हात साडेबत्तीस इंच. घ्यायचा की नाही? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात जमत नाही, पण पद्धत सांगतो. त्याच्या कॉलेजच्या सामन्यांतले फक्त पराभव काढा. तो जिथे जिथे मात खातो ते २०-२५ स्नॅप. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा का हरला?

पाय योग्य जागी होते, कंबर खाली होती, तरी समोरच्याचा हात आधी छातीवर बसला आणि हा मागे रेटला गेला, तर दोष हाताचा. असे स्नॅप भराभर सापडले तर त्याला गार्ड करा. पाय अडखळले, कंबरेतून पुढे वाकला, किंवा दोन हल्लेखोरांनी जागा बदलल्यावर गोंधळला, तर त्याचा हाताशी काही संबंध नाही. ३५ इंची हात असते तरी तो हरलाच असता, आणि या चुका शिकवून सुधारता येतात का, हा वेगळा विचार.

एक सावधगिरी बाळगा. आजकाल बऱ्याच कॉलेजांत चेंडू दीड-दोन सेकंदांत हातातून सुटतो, त्यामुळे टॅकलला तीन सेकंद एकट्याने लढावं लागतं असे स्नॅप कमी मिळतात. तेच शोधून काढा. अलाबामातल्या मोबाइल शहरात होणाऱ्या सीनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या सरावात एकास एक लढती होतात, त्याही बघा.

मी भारतात रात्री जागून सामने बघतो. हे सगळं घरबसल्या कसं कळणार?

चेंडू सुटला की आपली नजर क्वार्टरबॅककडे जाते. पुढच्या सामन्यात एका पूर्ण ड्राइव्हमध्ये (चेंडू एका संघाकडे असेपर्यंतच्या सलग खेळींमध्ये) फक्त डाव्या टॅकलकडे बघा. आधी त्याचं दुसरं पाऊल कुठे पडतं ते, मग पहिला हात कोणाचा लागतो ते. चेंडू कुठे गेला ते रीप्लेमध्ये दाखवतीलच.